दयारामचा उतरलेला आकडा

दयाराम माझ्याहून आठ महिन्यांनी मोठा आणि त्या आठ महिन्यांचा फायदा तो सत्तर वर्षं उकळत आलाय. खाडीत पहिली उडी त्याची, कारण तो मोठा. गुरुजी नसताना शाळेतल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसायचा मान त्याचा, कारण तो मोठा. लग्नही आधी त्याचंच लागलं. त्यामुळे आमच्या वयाच्या पुरुषांना जे दुखणं गाठतं ते आधी त्याच्याकडे निघालं, तेव्हा मला फारसं नवल वाटलं नाही. हे लिहायला त्याने परवानगी दिली आहे. "लिव," म्हणाला, "पन माझी लघवी लिवायची तर तुझी पन लिव, हिरामन. एकट्याची लाज नको." तेव्हा दोघांचीही लिहितो.

आमचं गाव धरमतरच्या खाडीला लागून. एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला मिठागरं. त्यातली अर्धी आता बंद पडून तिथे तिवरं माजली आहेत. दयाराम चौदाव्या वर्षी मिठागरात उतरला तो साठीला वर आला. भरतीचं पाणी कोंडीत, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यात, घ्यायचं, एका कोंडीतून दुसरीत फिरवत उन्हाने घट्ट करायचं, आणि त्याचा खारटपणा पंचवीस डिग्रीला आला की शेवटच्या कोंडीत मीठ धरतं. डिग्री मोजायला मुकादमाकडे काचेची एक नळी असायची. ती पाण्यात तरंगत सोडायची आणि आकडा वाचायचा. दयारामला नळी लागत नसे. तो कोंडीत पाय घालायचा, पोटरी जराशी हलवायचा आणि सांगायचा, "बावीस." मुकादम नळी सोडायचा. बावीस.

एकदा ऐन मार्चात अवकाळी पाऊस कोसळला. मीही तेव्हा त्याच्याबरोबर कामाला होतो. पाऊस थांबल्यावर मुकादमाने नळी सोडली तर आकडा चोवीसवरून चौदावर. माणूस कपाळाला हात लावून बांधावरच बसला. दयाराम पाण्यात उतरला, गुडघ्यापर्यंत गेला आणि हसत वर आला. म्हणाला, "मुकादम, तुमची नली पावसाचं पानी मोजते. ते वर तरंगतंय. खालचं आपलं जसंच्या तसं हाय." मग आम्ही बांधाला वरच्या बाजूने जरासं तोंड पाडलं, वरचं गोडं पाणी हलकेच सोडून दिलं, आणि चार दिवसांत मीठ धरलं. असा हा माणूस. ह्याला आकड्याने फसवणं अवघड, असं मी सगळ्यांना सांगत आलो होतो. तोच पुढे फसला, आणि फसवणारा मी.

दोन वर्षांपूर्वी गावच्या शाळेत आरोग्य शिबिर भरलं. दयारामची नातसून प्राप्ती अलिबागला एका प्रयोगशाळेत कामाला आहे, रक्त घ्यायला तिथून तीच आली होती. नवी नवी सून. साठीच्या पुढच्या पुरुषांना विचारायचे प्रश्न तिच्या कागदावर छापलेले होते: लघवीला किती वेळा जाता, धार कशी आहे, अडखळते का. आता आजेसासऱ्याला हे विचारायचं कसं? तिने कागदच त्याच्यापुढे धरला. दयारामने चष्मा आणला नव्हता.

"मोठ्यानं वाच, पोरी."

पोरगी गोरीमोरी झाली. शेवटी दयारामच्या ठमीने, म्हणजे आमच्या वहिनींनी, बाकावरून उठून उत्तरं दिली. "लिव गो. दिवसाला बारा येला जातो. बांदावर उभा राहिला की बगला येऊन बसतो, बगला उडतो, तरी हा उभाच."

सगळी शाळा हसली. मी सगळ्यांत जास्त हसलो, कारण माझी गत तीच होती आणि मी ती वर्षभर लपवत होतो.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. बाकी सगळं ठीक, फक्त पीएसए नावाचा एक आकडा पाच पॉइंट दोन. त्याच्यापुढे छापलेलं होतं की चारच्या आत असावा. अलिबागला लघवीच्या विकारांच्या डॉक्टर आहेत, रुचिता मॅडम. त्यांच्याकडे गेलो. बाई डॉक्टर बघून दयाराम दारातच अडला, तेव्हा वहिनींनी त्याला मागून ढकललं. "तिनं तुज्यासारखे शंभर बघितलेत. तूच पहिल्यांदा दाखवतोस."

मॅडमनी फार छान समजावलं, ते मी तसंच लक्षात ठेवलंय. मूत्राशयाच्या तोंडाशी पुरुषाला सुपारीएवढी एक ग्रंथी असते, प्रोस्टेट. वयाबरोबर ती फुगते, म्हणून धार अडते. ती ग्रंथी जे तयार करते त्यातलं थोडं रक्तात उतरतं, ते म्हणजे पीएसए. ग्रंथी नुसती फुगली तरी ते वाढतं, लघवीला जंतू झाले तरी वाढतं, लांब सायकल मारली तरी वाढू शकतं, आणि आत कॅन्सर असला तरी वाढतं. "ही नुसती खूण आहे, काका. खुणेवरून आजार ठरत नाही. आत बघायचं की नाही, एवढं ठरतं."

सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं. पाच पॉइंट एक. मॅडम म्हणाल्या, एमआरआय करून घेऊ. दयाराम म्हणाला, नंतर. त्याला नातवाच्या, निकेतच्या, मालाच्या ट्रेलरवर चार खेपा बघायच्या होत्या, शेत होतं, नागावला मेव्हण्याच्या घराचं काम होतं. मॅडमनी बजावलं, "बरं, पण सहा महिन्यांनी रक्त द्यायला या. आकडा चढतो की उतरतो ते मला बघायचंय." एवढंच काम होतं त्याला. आकड्यावर नजर ठेवायची.

आता माझी चूक सांगतो, आणि ती कळायला आमचा पार बघितला पाहिजे. बंदराकडे जाताना वडाखाली आम्ही सहा-सात म्हातारे रोज संध्याकाळी बसतो. तिथे तंबाखू कुणाचीही असो, सगळ्यांची. चुना एकाचा, पान दुसऱ्याचं. औषधांचंही तसंच. मला डॉक्टरने डोळ्यांत घालायला थेंब दिले होते, ते चौघांच्या डोळ्यांत गेले. येसाजीच्या गुडघ्याचं मलम सबंध पाराने लावलं, ज्याचा गुडघा दुखत नव्हता त्यानेही लावलं, वास चांगला म्हणून. कुणी एकट्याने गोळी खाल्ली तर विचारतात, काय रे, एकटाच खातोस?

शिबिरानंतर मीही लाज सोडून पनवेलला माझ्या मुलाच्या ओळखीच्या डॉक्टरकडे गेलो होतो. त्यांनी ग्रंथी फुगली आहे म्हणून एक गोळी दिली, रोज एक, कायमची. तीन-चार महिन्यांत गुण येईल म्हणाले, पण मला वाटलं महिन्यातच आला. मी पारावर येऊन सांगितलं की काल मी पूर्ण भजन बसून ऐकलं, मध्ये एकदाही उठलो नाही. दयारामने नुसता हात पुढे केला. मी स्ट्रिप काढली, सात गोळ्या तोडून त्याच्या तळहातावर ठेवल्या. दर शनिवारी सात. निकेतला मी सांगितलं होतं की पनवेलहून येताना माझ्या गोळ्या जरा जास्त आण, संपतात लवकर. त्याने कधी विचारलं नाही की एका माणसाच्या रोज एक असलेल्या गोळ्या लवकर कशा संपतात.

दयारामलाही गुण आला. पावसाळ्यानंतर तो बांधावर उभा राहायचा आणि बगळा यायच्या आत मोकळा होऊन चालायला लागायचा. सहा महिन्यांनी द्यायचं रक्त त्याने आळसात दहा महिन्यांनी दिलं. प्राप्तीनेच घेतलं. रिपोर्ट आला: तीन पॉइंट एक. चारच्या आत.

मॅडमनासुद्धा बरं वाटलं. त्यांनी विचारलं, मध्ये काही गोळ्या सुरू केल्या का. हा म्हणाला, न्हाय. मग वर्षाने या म्हणाल्या. दयाराम गावात रिपोर्ट घेऊन असा हिंडला, जणू दहावी पास झालाय. जानेवारी लागली होती, वालाच्या शेंगा भरल्या होत्या. त्याने आकडा उतरल्याची पोपटी लावायची ठरवली.

पोपटी आमच्याकडची थंडीतली मेजवानी. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, मग शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा पाला. मडकं उलटं करून त्यावर पेंढा आणि गोवऱ्या पेटवायच्या. पाणी नाही, तेल नाही. दिवस मावळायच्या आत आम्ही त्याच्या शेतात जमलो. मडकं धुमसत होतं, ठमीवहिनी कांदा चिरत होत्या, दयाराम खुशीत होता. त्या दिवशी शनिवार. मी नेहमीसारखी स्ट्रिप काढली, सात गोळ्या तोडल्या, त्याने हात पुढे केला. प्राप्ती शेजारी शेंगांसाठी पत्रावळी मांडत होती.

"ह्या कसल्या गोळ्या, आजोबा?"

"ह्या? हिरामनच्या."

तिने माझ्या हातातली उरलेली स्ट्रिप घेऊन उलटी केली, नाव वाचलं. "पण तुम्ही का घेताय?"

"चांगल्या हायत. धार मोकली होते."

"कधीपासून?"

"तू लग्न होऊन आलीस त्याच्या पुढल्या शिमग्यापासून."

तिने मोजलं. तिच्या हातातल्या पत्रावळी तशाच राहिल्या. "आजोबा, रक्त घेताना मी तुम्हाला विचारलं होतं ना, कुठल्या गोळ्या चालू आहेत? तुम्ही म्हणालात, फक्त बीपीची."

"मंग? माझी तेवढी एकच गोली हाय. ही तर हिरामनची."

पेंढ्याभोवती बसलेले सगळे हसले, मीही. प्राप्ती हसली नाही. ती खाली बसली आणि हळू बोलली, पण लाजली नाही. त्या दिवशी ती सून नव्हती, प्रयोगशाळेतली बाई होती. "ही गोळी ग्रंथी लहान करते, त्यात वाईट काही नाही. पण ती सहा-आठ महिने घेतली की रक्तातला पीएसए निम्म्यावर येतो. आत काही असलं तर ते असतंच, फक्त आकडा निम्मा दिसतो. म्हणून ही गोळी घेणाऱ्याचा आकडा डॉक्टर दुप्पट करून वाचतात. डॉक्टरांना गोळी माहीत असली तर."

तीन पॉइंट एकचे दुप्पट सहा पॉइंट दोन. सातवीपर्यंतचं गणित मला पुरेसं होतं. म्हणजे आकडा उतरला नव्हता, पाचवरून चढला होता, आणि आम्ही त्याची मेजवानी करत होतो.

दयाराम उठला, मडक्यावरची राख काठीने सारली आणि म्हणाला, "कागदावर तीन पॉइंट एक छापलंय. शेंगा झाल्या, वाढा." त्याने एक अंडं सोलून खाल्लं. माझी पत्रावळ मी बाजूला सारली. माझ्या गोळीने माझ्याच दोस्ताचं दुखणं झाकलं असेल तर?

पुढचे आठ दिवस तो ऐकेना. मॅडमकडे चल म्हटलं की खाडीवर निघून जायचा. प्राप्तीने सांगितलं, निकेतने गाडी दारात लावली, वहिनींनी एक दिवस भाकरी केली नाही. त्याने बेकरीतला पाव आणून चहात बुडवून खाल्ला. शेवटी वहिनींनी मला बोलावणं पाठवलं. "भावोजी, गोली तुमची, आता मानूस पन तुमीच आना ताल्यावर."

मी गेलो तेव्हा तो ओटीवर जाळं विणत बसला होता. मी माफी मागायची ठरवून आलो होतो, पण तोंडातून ती निघेना. सत्तर वर्षांत आम्ही एकमेकांची माफी मागितलेली नाही, त्याची सवयच नाही. मी म्हटलं, "दयाराम, मुकादमाची नली आठवते? चौदा डिग्री?"

"त्याचं काय?"

"त्या दिवशी कागदावर लिवलं असतं तर काय लिवलं असतं?"

"चौदा."

"आनि खाली किती व्हती?"

त्याचा हात थांबला. मग म्हणाला, "म्हंजे तुझी गोली म्हंजे पाऊस."

"व्हय."

"आनि पोरीनं रगत काढलं ते वरचं पानी."

"तसंच धर."

"मंग असं सांग की गाढवा," तो म्हणाला. "सगली जनं आठ दिवस मला निम्मं-दुप्पट शिकवतायत. मी काय शालेत हाय?" आणि आत ओरडला, "ठमे, चांगला शर्ट काढ. अलिबागला जायचंय."

रुचिता मॅडमनी सगळं ऐकलं. दयारामला त्या काही बोलल्या नाहीत, माझ्याकडे बघून मात्र म्हणाल्या, "काका, तंबाखू वाटा असंही मी म्हणणार नाही, पण गोळ्या तर मुळीच वाटू नका." मी मान खाली घातली. दयाराम मध्ये पडला. "त्याला नका बोलू. मी हात पुढं केला म्हनून त्यानं दिली. माझ्याहून ल्हान हाय तो." त्याचे ते आठ महिने पहिल्यांदाच माझ्या कामी आले.

माझी गोळी त्याला बंद झाली. मग एमआरआय झाला, त्यात ग्रंथीच्या एका बाजूला ठिपका दिसला. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात सुईने त्या जागचे तुकडे काढून तपासायला दिले. निकाल यायला दहा दिवस लागले आणि ते दहा दिवस दयारामपेक्षा मला जड गेले. तो पारावर येऊन नेहमीसारख्या थापा मारायचा. मी तंबाखूची डबीसुद्धा खिशातून काढायला भ्यायला लागलो होतो.

निकाल सांगायला मॅडमनी आम्हाला बसवलं. दयाराम, वहिनी, प्राप्ती, मी. "काका, कॅन्सर आहे," त्या सरळ म्हणाल्या. "पण लहान आहे, ग्रंथीच्या आतच आहे, बाहेर कुठेही गेलेला नाही. आता सापडला म्हणून बरा करता येतो. अजून दोन वर्षं तीन पॉइंट एकवर खूश राहिला असता, तर मी एवढ्या खात्रीने बोलले नसते."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. प्राप्तीने त्यांचा हात धरला. दयारामने माझ्याकडे बोट केलं. "आता ह्याचं बघा."

"माझं काय?"

"तू तीच गोली खातोस. तुझा आकडा कोनी दुप्पट केला? कोनी बघितला तरी?"

खरंच, गोळी सुरू झाल्यापासून मी रक्त दिलंच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, मुद्दा बरोबर आहे. तिथल्या तिथे माझी बाही वर सरकवली गेली. ज्या माणसाला नुकतं कॅन्सर आहे म्हणून सांगितलं होतं तो माझ्या शेजारी उभा राहून सांगत होता, "सुईकडं बघू नको, पंख्याकडं बघ." माझा आकडा दुसऱ्या दिवशी आला: एक पॉइंट दोन. दुप्पट दोन पॉइंट चार. दयारामने तो स्वतः कागदावर गुणाकार करून तपासला, तेव्हा त्याला पटलं.

उपचार म्हणून मशीनने किरणं द्यायची ठरली. मुंबईत, वीस दिवस, शनिवार-रविवार सुट्टी. निकेत आम्हाला सकाळी मांडव्याला सोडायचा, तिथून बोटीने गेटवे. मी वीसही दिवस बरोबर होतो. दुखत काही नाही, पाच मिनिटांचं काम. गंमत वेगळीच होती. किरणं देताना मूत्राशय भरलेलं लागतं, म्हणून आधी पाणी पिऊन थांबायचं. ज्या माणसाचा सगळा आजार दिवसाला बारा वेळा लघवीला जाण्याचा, त्याला सांगितलं, अर्धा लिटर प्या आणि पाऊण तास थांबा. पहिल्या दिवशी तो माझा हात असा दाबून बसला की माझी बोटं सुजली. दहाव्या दिवसापर्यंत त्याने शेजारच्या रुग्णांना शिकवायला सुरुवात केली: डोळे मिटायचे, नळ मनात आणायचा नाही, आणि कुणी कितीही हसवलं तरी हसायचं नाही. कुणी नवा आला की हा आधी विचारायचा, "दादा, गोल्या कुठल्या खातोस? सगल्या सांग. दुसऱ्याच्या पन सांग." एका पनवेलच्या माणसाने खरोखरच भावाच्या गोळ्या घेत असल्याचं कबूल केलं, तेव्हा दयारामने त्याला हाताला धरून डॉक्टरांपुढे नेऊन उभं केलं.

थकवा आला, थोडी जळजळ झाली, ती दीड महिन्यात गेली. पावसाळा त्याने शेतावर काढला, काम थोडं आणि हुकूम जास्त. पारावर आता तंबाखू सगळ्यांची आहे, औषध ज्याचं त्याचं. येसाजीला हे अजून आवडलेलं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी रक्ताची पाळी आली. प्राप्तीने रक्त घेतलं, आणि घेताना आजेसासऱ्याला सगळे प्रश्न मोठ्याने विचारले, धारेसकट. दोन दिवसांनी आम्ही रुचिता मॅडमसमोर बसलो. त्यांनी कागद वाचला आणि हसल्या. "शून्य पॉइंट नऊ."

दयाराम हसला नाही. खुर्ची पुढे ओढून त्याने विचारलं, "ह्याला काय लावायचं, मॅडम? दुप्पट, चौपट?"

"काही नाही, काका. तुमची एकच बीपीची गोळी आहे. आहे तेवढाच."

"खालचं पन तेवढंच?"

मॅडमना कळलं नाही, त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "तेवढंच रं."

मग तो हसला. वहिनींनी कागद त्याच्या हातातून घेतला, चार घड्या घालून पिशवीत ठेवला आणि उठल्या. "मंग बसलाव कशाला? भात कापायला मानसं सांगितल्यात, ती वाट बघत असतील."